विहीर दिवाळीत मोजा : कोकणात नव्याने राहायला येणाऱ्यांसाठी

जुलैमध्ये घर बघायला आलेल्या माणसाला पाणी जपून वापरा म्हणून सांगितलं, तर त्याला ते पटत नाही. पागोळ्या रात्रंदिवस गळत असतात, विहीर इतकी वर आलेली असते की वाकून कळशी बुडवावी, घरामागचा वहाळ आवाज करत धावत असतो. आम्ही ठाण्याहून गुहागर तालुक्यात राहायला आलो तेही भर पावसात. पाऊस सरल्यावर मी हौसेने अंगणाच्या कडेने हिरवळ लावली, वीस माडांना मोकळा पाइप सोडला, आणि एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पंप नुसती हवा ओढायला लागला. पुढचे सात आठवडे शेजारच्या अण्णांच्या विहिरीवरून पाणी आणलं. अण्णांनी कधी नको म्हटलं नाही, पण एक दिवस रहाटाशी उभं राहून म्हणाले, "वहिनी, विहीर बघायची ती दिवाळीत. मे महिन्यात तळ सगळ्यांनाच दिसतो."

त्यानंतर आम्ही जे काही शिकलो ते सगळं या एका बोलण्याच्या पोटात आहे. तुम्ही नवीन घर बांधून आला असाल, निवृत्तीनंतर गावच्या घरी परतला असाल किंवा भाड्याने घेतलेल्या घरापुढे चार झाडं लावणार असाल, तर खालची कामं याच क्रमाने करा.

पाणी जातं कुठे

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. तरी त्याच जिल्ह्यात मे महिन्यात डोंगरावरच्या वाड्यांना टँकर लागतात. असं का, हे समजायला चिऱ्याचा एक तुकडा उचला. जांभा दगड भोकाभोकांचा असतो. त्यावर तांब्याभर पाणी ओता, बघता बघता आत जातं. आपल्या पायाखालचा सगळा सडा, म्हणजे कातळाचं पठार, असाच आहे. पाऊस त्यातून झरझर खाली उतरतो, खालच्या चिकण थराला अडतो, आणि त्या थराच्या उताराने डोंगराच्या कुशीत झरा होऊन बाहेर पडतो. तिथून वहाळ, वहाळातून खाडी, खाडीतून समुद्र.

म्हणून ऑगस्टमध्ये विहीर काठोकाठ भरली याला फारसा अर्थ नाही. ती सगळ्यांचीच भरते. तेव्हा तिच्यात आणखी पाणी सोडलं तरी ते थांबत नाही. परतीचा पाऊस गेला की पातळी उतरायला लागते, आणि त्यापुढे जो उपसा होतो तो थेट मे महिन्याच्या वाट्यातून. थोडं पाणी आपण हात न लावताही झिरपून जाईल, ते काही आपल्या हातात नाही. पण नोव्हेंबर ते फेब्रुवारी या चार महिन्यांत बागेत जे उगाच सांडतं, ते पूर्णपणे आपल्या हातात आहे. थंडीत पाणी मुबलक दिसतं, तेव्हाच काटकसर करायची. एप्रिलमध्ये सुरू केलेली काटकसर म्हणजे नुसता त्रास, कारण वाचवायला काही उरलेलंच नसतं.

पहिलं काम : दोरी आणि दगड

सुतळीच्या टोकाला मूठभर आकाराचा दगड बांधा. सुतळीवर दर फुटाला गाठ मारा, दर पाचव्या गाठीला लाल चिंधी. काठावरची एक जागा खडूने ठरवून टाका आणि नेहमी तिथूनच सोडा. पहिल्यांदा दगड पाण्याला टेकला की डुबुक आवाज येतो, तेव्हाची गाठ मोजा. मग तळाला टेकेपर्यंत सोडा, सुतळी सैल पडली की ती गाठ मोजा. दोन्हींतला फरक म्हणजे तुमचं पाणी.

हे दर रविवारी सकाळी पंप लावायच्या आधी करायचं आणि आकडा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहायचा. दोन मिनिटांचं काम आहे. १० फूट व्यासाच्या गोल विहिरीत एक फूट पाणी म्हणजे सुमारे २२०० लिटर. एकदा हे डोक्यात बसलं की "विहीर दीड फूट उतरली" याचा अर्थ तीन हजारांवर लिटर गेले, हे आपोआप कळतं.

दुसरी मोजणी झऱ्यांची. संध्याकाळी पंप बंद केल्यावर गाठ मोजा आणि सकाळी पुन्हा मोजा. रात्रीत किती गाठी पाणी वर आलं तो तुमच्या झऱ्यांचा जोर. डिसेंबरात तो चांगला असतो, मार्चमध्ये बोटभर होतो. रोजचा उपसा त्या जोरापेक्षा जास्त झाला की विहीर खाली चालली, एवढं सरळ गणित आहे. आमच्याकडे आता अशा नऊ वर्षांच्या नोंदी आहेत. जानेवारीचा आकडा बघून त्या वर्षी भाजीचे वाफे किती करायचे ते ठरतं.

दुसरं काम : कोण किती पितो

जलजीवन मिशनने गावातल्या घरांसाठी माणशी रोज ५५ लिटरचं माप धरलं आहे. चौघांच्या घराला २२० लिटर. आता बागेचं बघा. पाइपाच्या तोंडाशी १५ लिटरची बादली लावा आणि किती सेकंदांत भरते ते मोबाइलच्या घड्याळावर मोजा. आमची ४५ सेकंदांत भरली, म्हणजे मिनिटाला २० लिटर. अर्धा तास पाइप धरून झाडांवर फवारलं की ६०० लिटर. चौघांचं जवळजवळ तीन दिवसांचं पाणी अर्ध्या तासात, आणि त्यातलं निम्मंअधिक पानांवर, पायवाटेवर आणि मधल्या मोकळ्या मातीवर.

म्हणून मी आधी बागेकडे वळते. नळ, शॉवर, फ्लश यांचं महत्त्व आहेच, पण कोकणातल्या घरात पाण्याचा मोठा वाटा आगर पितं. तिथे दुर्लक्ष करून दात घासताना नळ बंद केला म्हणून मे महिना निघत नाही.

माड आणि पोफळी : सोडणांचं काम

मोठ्या माडाला आळ्यात पाणी द्यायचं तर चार दिवसांतून एकदा सुमारे २०० लिटर लागतात. ठिबकने रोज ३० ते ४० लिटरमध्ये भागतं. वीस माड असतील तर आळ्याने रोजचे सरासरी १००० लिटर आणि ठिबकने ६०० ते ८००. फरक मोठा आहे, आणि ठिबक घेणं परवडत असेल तर जरूर घ्या. फक्त इथे मुंग्या ड्रिपरच्या भोकात घर करतात आणि विहिरीच्या पाण्यातला गाळ नळ्यांत बसतो, तेव्हा गाळणी महिन्यातून दोनदा धुवा आणि प्रत्येक माडाशी थेंब पडतोय ना ते स्वतः वाकून बघा.

पण ठिबकच्याही आधी करायचं काम म्हणजे ओल धरून ठेवणं, आणि त्यासाठी लागणारी वस्तू प्रत्येक घराच्या मागीलदारी ढिगाने पडलेली असते. नारळाची सोडणं, म्हणजे नारळ सोलल्यावर निघणारी जाड सालं. लोक ती बंबात घालतात. थोडी जळायला ठेवा, बाकीची मातीत जाऊ द्या.

पावसाच्या तोंडावर, मे अखेरीस, माडाच्या बुंध्यापासून पाच-सहा फूट लांब गोल चर खणा. दीड फूट रुंद, दीड फूट खोल पुरतो. कुदळ सावकाश मारा, मुळं कमीत कमी तुटली पाहिजेत. चरात सोडणं उताणी ठेवायची, म्हणजे वाटीसारखा भाग आकाशाकडे. एक थर सोडणं, वर चार बोटं माती, पुन्हा एक थर. असे दोन-तीन थर झाले की वरून माती ओढून घ्या. पावसात ती सोडणं पाणी पिऊन बसतात आणि हळूहळू सोडतात. एकदा भरलेला चर पाच ते सात वर्षं काम देतो. पहिल्या वर्षी मला शंका होती, म्हणून फेब्रुवारीत एका चराची कड खुरप्याने उकरली. वरची माती भुकटी झाली होती आणि आतलं सोडण काळपट, स्पंजासारखं ओलं. त्याच्या तंतूंतून माडाची पांढरी, दोऱ्याएवढी मुळं आरपार गेली होती. मी ते तसंच पुन्हा झाकलं.

चर खणायची ताकद नसेल तर सोडणं आळ्यात नुसती वर अंथरा. तेव्हा मात्र ती पालथी ठेवायची, फुगीर बाजू वर. पुरायची तर उताणी, पसरायची तर पालथी. पालथ्या सोडणाखाली ओल राहते. उताण्यात पाणी साचून डास होतात.

सोडणं नसतील तर झावळ्या, पेंढा, आंब्या-फणसाचा पाला, जे असेल ते. इथे फेब्रुवारी-मार्चमध्ये पाला गोळा करून जाळायची सवय आहे. भाजावळीसाठी शेतकरी जाळतो ती गोष्ट वेगळी, पण घराभोवतालचा पाला नुसता अंगण स्वच्छ दिसावं म्हणून जाळू नका. त्याने झाडाच्या मुळाशी असलेली चादरच आपण काढून घेतो, आणि वाऱ्याच्या दिवसांत वणव्याची भीती असते ती वेगळीच. चार बोटं जाडीचा थर द्या, बुंध्यापासून वीतभर जागा मोकळी सोडा, नाहीतर वाळवी चढते.

आणि एक गोष्ट नीट ऐका. आपल्याकडे पाल्यात फुरसं असतं. लहान, मातकट, पाल्याच्याच रंगाचं, आणि विषारी. आच्छादन केलेल्या आळ्यात हात घालायचा नाही. आधी काठीने किंवा दाताळ्याने पाला हलवायचा, पायात बूट, संध्याकाळी बॅटरी. मुलांना पहिल्या दिवशी हे सांगून ठेवा.

आंबा, काजू यांना पाणी नको

मोठ्या हापूसला, काजूला, रातांब्याला पाणी लागत नाही. त्यांची मुळं खाली गेलेली असतात. हापूसला तर ऑक्टोबरनंतर जमिनीचा ताण बसावाच लागतो, त्याशिवाय मोहोर नीट येत नाही. नवीन माणूस प्रेमाने नोव्हेंबरात पाणी घालतो आणि झाड मोहोराऐवजी पालवी काढतं. पाणी जातं आणि आंबाही जातो.

नव्या कलमांना मात्र पहिले तीन उन्हाळे सांभाळावं लागतं. त्यांच्यासाठी मडकं सगळ्यात चांगलं, त्याबद्दल आता सांगते.

भाजीचा वाफा

बाजारात पाच-सात लिटरचं साधं मातीचं मडकं मिळतं. रंग दिलेलं, चकचकीत नको, त्यातून पाणी पाझरत नाही. वाफ्याच्या मधोमध ते गळ्यापर्यंत पुरा, भोवती वीतभर अंतरावर मिरची, वांगी, टोमॅटो लावा. मडकं भरा आणि तोंडावर करवंटी पालथी घाला. डास जात नाहीत, उन्हाने पाणी उडत नाही. माती कोरडी झाली की मडकं पाझरतं, ओली असली की थांबतं. आमच्या जमिनीत दोन-तीन दिवसांनी भरावं लागतं. किती पाणी खर्च झालं ते करवंटी उचलल्यावर डोळ्यांना दिसतं, ही मला त्यातली सर्वांत आवडती गोष्ट वाटते. दोन वर्षांनी मडक्याची भोकं बुजतात, मग ते बदलायचं.

त्याहून मोठी बचत काय लावायचं हे ठरवण्यात आहे. पडवळ, दोडकी, काकडी, चिबूड, भेंडी पावसाच्या पाण्यावर घ्या. सुरण, अळू, करांदे, हळद मे-जूनमध्ये लावली की पावसावरच वाढतात. भात कापल्यावर त्याच शेतात उरलेल्या ओलीवर कुळीथ, वाल, पावटा होतो, त्याला वरून पाणी लागत नाही. थंडीत मुळा, माठ, मेथीचे थोडे वाफे. मार्चनंतर फक्त मिरची, कढीपत्ता, गवती चहा आणि दारची तुळस. एप्रिलमध्ये कोबी-फ्लॉवर पिकवायचा हट्ट करू नये. तेवढं पाणी देऊन जे पिकतं ते गावच्या बाजारात थोड्या पैशांत मिळतं.

पाणी घालायची वेळ सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर. दुपारच्या खाऱ्या वाऱ्यात पाइप सोडला तर पाणी मुळापर्यंत पोचतच नाही. आणि बोट घालून बघा, दोन पेरं खाली माती ओली असेल तर त्या दिवशी राहू द्या.

हिरवळीबद्दल एकच सांगते. आमची मी काढून टाकली. त्या जागी आता सारवलेलं अंगण आहे, पावसात कडेने तेरडा आपोआप उगवतो.

न्हाणीचं पाणी केळीला

जुन्या घरांत न्हाणीच्या मागे केळ आणि अळू हटकून असायचं. ती सोय होती, आणि ती आजही चालते. चार माणसांचं आंघोळीचं पाणी रोज साठ-सत्तर लिटर तरी होतं, त्यावर केळीचे तीन-चार गड्डे आरामात पोसतात.

न्हाणीचा पाइप संडासाच्या टाकीत जोडलेला असेल तर प्लंबरकडून वेगळा काढून घ्या. बाहेर पडतो तिथे बादलीएवढा खड्डा करून त्यात खाली खडी आणि वर नारळाची किशी भरा. केस, साबणाचा मळ तिथे अडतो. किशी महिन्याने बदला, जुनी माडाच्या आळ्यात टाका. तिथून उताराने छोटा पाट काढून केळीकडे न्या. पाणी वाहतं राहिलं पाहिजे, साचलं तर वास येतो आणि डास होतात, म्हणून दोन पाट करा आणि आठवड्याने पाळी बदला. पावसाळ्यात हे पाणी बागेत नको, जमीन आधीच भरलेली असते, तेव्हा ते शोषखड्ड्यात वळवा.

कपड्यांचं पहिलं पाणी, ज्यात पावडर जास्त असते, ते झाडांना घालू नका. नंतर खळबळलेलं चालतं. ब्लीच किंवा फरशी धुवायचं रसायन असेल ते अजिबात नको. कच्ची खायची कोथिंबीर, मुळा यांना सांडपाणी घालायचं नाही. आणि पाट असो वा शोषखड्डा, पिण्याच्या विहिरीपासून निदान १५ मीटर लांब आणि विहिरीच्या खालच्या अंगाला असावा. जांभ्यातून पाणी किती पटकन उतरतं ते वर सांगितलंच, तसंच सांडपाणीही उतरतं.

भांडी घासायला राख आणि किशी वापरली तर त्या पाण्यालाही काही दोष नाही. आमच्या सासूबाई तेच पाणी पोफळींना ओतायच्या.

घरातलं थोडक्यात

रात्री झोपताना सगळे नळ बंद करून टाकीच्या आत पातळीवर खूण करा. सकाळी खूण उघडी पडली असेल तर कुठेतरी गळती आहे. आमच्याकडे अंगणाखालून गेलेल्या पाइपाचा सांधा नीट चिकटवलेला नव्हता. वर ओल दिसत नव्हती, कारण जांभा ती गिळत होता. खूण केल्यावरच कळलं. तेव्हा चिऱ्याच्या जमिनीत पाइप पुरण्यापेक्षा भिंतीच्या कडेने उघडा न्या.

टाकीला बॉल कॉक बसवा, पंपाला आपोआप बंद होणारं बटण लावून घ्या. टाकी भरून वाहण्याचा आवाज गावात सकाळी कितीतरी घरांवरून येतो. जुन्या फ्लशच्या टाकीत एका वेळी दहा लिटर किंवा जास्त जातात, त्यात पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली ठेवा, तेवढं दर वेळी वाचतं. शॉवरऐवजी बादली. आरओचं यंत्र घेण्याआधी पाणी तपासून घ्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत तपासणी होते. समुद्रापासून आतल्या विहिरींचं पाणी बहुतेक हलकं असतं, तिथे आरओ लागत नाही, गाळून उकळलं की पुरतं. आरओ एक लिटर शुद्ध करताना दोन-तीन लिटर फेकतो. घेतलाच असेल तर ते पाणी बादलीत धरा आणि फरशी पुसायला वापरा.

छपराचं पाणी : पाच हजार लिटर पुरतात

१००० चौरस फुटांच्या छपरावर १० मिलिमीटर पाऊस पडला की सांडलवंड वजा जाता सुमारे ७५० लिटर पाणी हाताला लागतं. अख्ख्या पावसाळ्याचं दोन लाख लिटरांवर जातं. हा आकडा ऐकून लोक मोठमोठ्या टाक्यांची स्वप्नं बघतात आणि खर्च ऐकून गप्प बसतात. मी उलटीकडून विचार करायला सांगेन. चौघांना पिण्या-स्वयंपाकाला माणशी १० लिटर धरले तर रोज ४० लिटर. फेब्रुवारी ते मे हे १२० दिवस, म्हणजे ४८०० लिटर. पाच हजार लिटरची एक काळी, झाकणाची टाकी भरून ठेवली की विहीर आटली तरी पिण्याचं पाणी घरात आहे. तेवढं केलं तरी मे महिन्याची धास्ती जाते.

कौलांच्या किंवा पत्र्याच्या कडेला पन्हळ बसवा, पाइपाच्या तोंडाशी बारीक जाळी. ही टाकी जूनच्या पाण्याने भरायची नाही. मृगाच्या पावसात वर्षभराची धूळ, पाला, पाखरांची घाण येते. जुलैभर छप्पर धुऊन निघू द्या, आणि ऑगस्ट-सप्टेंबरात भरा. मध्ये चार-पाच दिवस उघडीप झाली असेल तर पुढच्या सरीचं पहिल्या पंधरा मिनिटांचं पाणी बाहेर सोडा. टाकी सावलीत, झाकण घट्ट, हवेच्या नळीला जाळी. पिताना उकळून. छप्पर जुन्या सिमेंटच्या पत्र्यांचं असेल तर ते पाणी पिण्यासाठी नको, झाडांना ठेवा.

समुद्राला लागून असाल तर

किनाऱ्यालगतच्या आगरांतल्या विहिरींची गोष्ट वेगळी. तिथे वाळूत गोड पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी १ फूट असेल तर खाली सुमारे ४० फूट गोडं पाणी तोलून धरलेलं असतं, असा ढोबळ नियम आहे. त्यामुळे वरची पातळी थोडीशी उतरली तरी खालचं खारं पाणी खूप वर सरकतं. मोठा पंप लावून तासभर उपसा केला की पाणी मचूळ होतं, आणि एकदा झालं की पाऊस येईपर्यंत फिरत नाही.

तिथे लहान पंप लावा, दहा-पंधरा मिनिटं चालवा, दोन तास थांबा. पाणी कमी पडतं म्हणून विहीर आणखी खोल करायची नाही, बोअर तर नकोच. दर आठवड्याला चव घेऊन बघा, साबणाला फेस येतोय का बघा. थोडं मचूळ झालं तर माड सोसतो, पोफळ आणि मिरी सोसत नाही, तेव्हा गोडं पाणी त्यांना राखून ठेवा.

उतार आणि वहाळ

घराच्या वरच्या अंगाला सौम्य उताराची जमीन असेल तर उताराला आडवे, फूटभर खोल चर काढा, किंवा गडग्यासारखी दगडांची रांग लावा. पळणारं पाणी थांबतं, मुरतं, आणि खालच्या विहिरीला महिना-दीड महिना जास्त साथ देतं. पण उतार उभा असेल, घर डोंगर कापून बसवलं असेल किंवा वर भेगा दिसत असतील, तर तिथे पाणी अजिबात अडवू नका. जुलै २०२१ मध्ये महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड कोसळून ऐंशीहून जास्त माणसं गेली. उभ्या उतारावरचं पाणी लवकरात लवकर वाहून गेलेलं बरं.

वाडीतून वहाळ जात असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात शेजाऱ्यांना हाक मारा. सिमेंटच्या रिकाम्या गोणी माती-वाळूने भरून, तोंड शिवून, ओढ कमी झालेल्या वहाळात आडव्या रचायच्या. याला वनराई बंधारा म्हणतात. वीस माणसं, एक सकाळ, घरोघरच्या गोणी. आमच्या वाडीत दुपारी सगळ्यांना आमटी-भात असतो. बंधाऱ्यामागे साचलेलं पाणी दोन्ही काठांच्या विहिरींत उतरतं, गुरांना प्यायला मिळतं, बायका कपडे तिथे धुतात, म्हणजे तेवढा उपसा घरच्या विहिरीचा वाचतो. नवीन आलेल्या माणसाची गावाशी ओळख व्हायला यापेक्षा चांगला दिवस मला माहीत नाही, तेव्हा बोलावण्याची वाट न बघता जा.

मे महिन्याचं शेवटचं काम

पाणी तळाशी गेलं की गाळ काढून घ्या. झरे मोकळे होतात. हे काम माहितगार माणसांकडूनच करवा. खोल विहिरीत हवा खराब असू शकते, आणि डिझेल-पेट्रोलचा पंप विहिरीच्या आत उतरवून चालवला तर त्याच्या धुराने माणूस गुदमरून मरतो. एकट्याने कोणी उतरायचं नाही, कमरेला दोर, वर दोन माणसं.

गाळ निघाला की तळ खोल जातो, म्हणून गाठींची सुतळी पुन्हा तळापर्यंत सोडून नवा आकडा कॅलेंडरवर लिहा. पन्हळीतला पाला काढा, टाकीची जाळी धुवा, सोडणांचे चर बुजवून टाका. मग पहिला मोठा पाऊस झाला की दोन दिवस थांबा आणि तिसऱ्या सकाळी दगड पाण्यात सोडा.